कॅनडा कॉर्नर

हेमांगी कॅनडाला चालली म्हटल्यावर
शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला,
"मग काय, आपण तर कधीपासून तिथेच बसलोय!"
कॅनडा कॉर्नरला, पाच बाय सातच्या दुकानात
डोळ्याला भिंग लावून
मी बावीस वर्षं लोकांची घड्याळं उघडतोय
आणि हा विनोद माझ्याहून जुना आहे.
तरी हसलो.

गावाचं नाव सस्काटून. ते तोंडात बसेपर्यंत
उन्हाळा संपला. तिच्या आईला अजून जमत नाही,
ती नुसतं "हेमांगीच्या तिथे" म्हणते.

दुकानातलं एक घड्याळ तिच्या वेळेला लावायला घेतलं
तर काटा फक्त अर्धा तास पुढे सरकवावा लागला.
साडेअकरा तासांचं अंतर,
तबकडीवर एवढंसं.
रात्र की दिवस, ते घड्याळ सांगत नाही.
गिऱ्हाईक म्हणतं, "काका, ते पुढे आहे."
"आहे," म्हणतो मी
आणि त्याच्या घड्याळाचा सेल शोधतो.

काम मातीचंच मिळालं.
इथे पिंपळगावच्या प्रयोगशाळेत असताना
पिशवीवर गट नंबर, मालकाचं नाव,
मालक स्वतः दारात उभा:
"ताई, तेवढं लवकर बघा, छाटणी आलीय."
तिथे पिशवीवर नुसता आकडा.
कशी आहे गं माती, विचारलं.
"काळीच आहे, बाबा. पण थंडीत गोठून येते, दगडच.
आधी तासभर नुसती ठेवून द्यायची."

पहिला महिना फोनवर सगळ्या किमती.
ती डॉलर सांगायची,
आई रुपये करायची आणि घाबरायची.
एकदा साहेबाने अहवाल पाहून "वाईट नाही" म्हटलं,
ही रात्रभर जागी.
मग कळलं, तिकडे ती शाबासकी.
मी म्हटलं, आपल्याकडच्या "बरंय"चा अर्थ
मला तरी कुठे लागलाय अजून?

एका रात्री कचरा टाकायला खाली उतरली
आणि मागे दार लागलं. किल्ली आत.
पायात स्लिपर, उणे अठ्ठावीस.
तळमजल्यावरच्या लिगायाने आत घेतलं,
फिलिपिन्सची नर्स, तिचीही नुकतीच पाळी संपलेली,
पुढ्यात भात ठेवला आणि तळलेला सुका मासा.
"वास अगदी आपल्या बोंबलांचा, बाबा. दोनदा घेतला भात."
हे तिने अकरा दिवसांनी सांगितलं.
हसत.
मी विचारलं, किती वाजले होते?
दहा चाळीस.
म्हणजे इथे सकाळचे दहा दहा.
शोकेसमधली नवी घड्याळं
कायम दाखवत असतात ती वेळ.
मी तेव्हा शटर वर ढकलत असणार,
किंवा काच पुसत.

आता संध्याकाळी सातला बोलतो आम्ही,
तिची बस यायच्या आधी.
लोकरीतून येणारा तिचा आवाज
तिच्यासारखा वाटत नाही, सर्दी झालेल्या पोरासारखा वाटतो.
उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, ती सांगते,
मागच्या दाराने उतरणारेसुद्धा, ओरडून.
मी परवा शालिमारला रिक्षातून उतरताना म्हणून पाहिलं.
तो म्हणाला, "काय झालं काका, सुट्टे नाहीत का?"

पगार झाला की पैसे पाठवते.
पाठवू नको म्हणतो. पाठवते.
तिच्या आईने त्यातून काहीच घेतलं नाही,
मी एक चांगलं भिंग घेतलं, जर्मन.
त्यातून बारीक स्क्रूसुद्धा
खिळ्याएवढा दिसतो.

काल मात्र फोन सकाळी आला, साडेसातला.
ती दमलेली, कामावरून सुटून बरीच वाट पाहत
बसस्टॉपवर उभी.
"बाबा, ठेवते. आली बस. घरी चालले."
मी तेव्हा गॅलरीत चहा घेत होतो.
मान वाकवून
खाली रस्त्याकडे पाहिलं.
दूधवाला होता.
त्याने वर पाहून विचारलं, "आज जास्त देऊ का?"
मला वाटतं, मी हो म्हणालो.