पहिला अर्जदार

कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतल्या आमच्या खोलीवर
आता एक मजला चढलाय.
खाली नाना. वर माझ्या पुस्तकांचे खोके,
ब्रुसेल्सहून बोटीनं आलेले,
अजून दोरी न सुटलेले.

म्हणजे तू नक्की करत होतीस काय गं?
बावीस वर्षांत हे तिसऱ्यांदा विचारतात.

सांगते. जहाजांचे दोर वळणाऱ्या सहा कंपन्या
दर मार्चमध्ये एका तळ्याकाठी जेवायला बसत.
कागद नाही, सही नाही.
आधी भाव कोण चढवणार, आणि कोण
दोन आठवडे लाजल्यासारखं करून मागून येणार,
एवढंच ठरायचं.
आम्ही पहाटे दार ठोठवायचो.
खालची मुलगी अजून कोट काढत असायची
आणि वर कागद कातरायच्या यंत्राची घरघर सुरू.
सोलमध्ये दर हवामान म्हणून लिहिलेले सापडले:
मंगळवारी सतरा अंश.
लक्झेंबर्गच्या कोर्टात एका स्वल्पविरामावर
मी अडीच दिवस उभी होते.
सहा वर्षं आयोगाकडून. मग कंपन्यांकडून.
पगार तिप्पट झाला, हेही सांगते.

नाना हसतात. खांद्यावरचा रुमाल
माझ्या हातावर टाकतात.
खालून त्यांची बोटं येतात, सालपटं निघालेली.
एक दाबतात, मग चार, मग तळव्यावर रेघ.
किती?
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
सुट्टीत गोण्यांवर बसून शिकले होते मी हे.
एकशे चाळीस.
बरोबर. आणि तोंडानं काय बोलायचं?
सासूची तब्येत कशी आहे.

रुमाल काढत नाहीत.
पंख्याकडे बघत बोलतात.
शहाण्णव साल, दिवाळीनंतरचा आठवडा.
बावीस नंबरच्या गाळ्यात पाच जण, पाच कटिंग.
मी काट्यापाशी.
दहा किलोला तिसाच्या वर कुणी जायचं नाही.
तोलणाऱ्याला कान नसतात, असं म्हणून
शेठनं माझ्याकडे बघितलं.
आठ दिवस मी तिसानं तोललं.
काटा एका ग्रॅमनं खोटा केला नाही, देवाशपथ.
पण जूनमध्ये तुझी अकरावीची फी
भरलेलीच होती.
पावती तुझ्या नावाची. पैसे गाळ्याचे.

या वेळेला म्हणायचं वाक्य मला पाठ आहे.
चार भाषांत म्हटलंय,
टेबलापलीकडे घाम पुसणाऱ्या माणसांना:
जो पहिला येऊन कबूल करील त्याला दंड पूर्ण माफ.
दुसऱ्याला निम्मा. तिसऱ्याला थोडाफार.
चौथ्यानं वकील बदलावा.
अर्ज आल्याची वेळ मिनिटासकट लिहितात.
एकदा दोन कंपन्यांत अकरा मिनिटांचं अंतर पडलं,
त्या अकरा मिनिटांचे नऊ कोटी युरो झाले.

शेठ आहेत का अजून?
गेले. पाचही गेले.
गाळ्यात आता चिनी लसूण असतो.
मग एवढी घाई कसली, नाना?

रुमालाखाली बोटं हलतात.
त्यात आकडा नाही.

मोकळ्या हातानं फोन घेते.
सहा वाजून बारा मिनिटं.
कोंडीराम सपकाळ, निवृत्त तोलणार. पहिला अर्जदार.
सही राहू दे, वेळ पुरे.
मग खालची ओळ. सहा तेरा.
तिथं नाव माझं.
कॉलेज वाशीचं, बाक दुसरा, खिडकीशेजारचा,
आणि तिथून सुरू झालेलं सगळं:
विमानं, काळे झगे, तो स्वल्पविराम.
निम्माच माफ होतो, हे मला माहीत आहे.
उरलेला निम्मा कुठे भरायचा असतो
हे मी कुठल्याच अशिलाला कधी सांगितलं नव्हतं,
रक्कम सांगायचे, आणि बँकेचं नाव.

नाना फोनकडे बघत नाहीत.
माझ्या तळव्यावर एक बोट ठेवतात. एकच.
बराच वेळ.
आणि मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं, विचारतात,
सासूची तब्येत कशी आहे?

मला सासू नाही, हे त्यांना माहीत आहे.