गवताची रजा

आद्वेंत लागला की क्रिस्तांवांची लग्नं थांबतात,
पौष लागला की आमची.
दोन्ही एकदम लागले असते
तर गवताला महिनाभर अंग टाकता आलं असतं.
पण देवांनी आपापली पंचांगं
एकमेकांना न विचारता छापली,
आणि ओर्लांदो पात्रांवाचं लॉन
नोव्हेंबर ते फेब्रुवारी बुक.

मी पुतू. कुडतरीत मला लॉनवालो म्हणतात.
थंडीत गवत हळू वाढतं
हे पात्रांवाला पटत नाही, त्याला वाटतं पाणी कमी पडतंय.
मी सांगतो, संध्याकाळी मारू नका,
रात्रभर पायात ओल राहिली की बुरशी धरते,
ताटलीएवढे पिवळे डाग पडतात.
सकाळी मारा, उन्हाच्या जरा आधी.
युरिया नको. पातं दोन बोटं उंच ठेवा.
तो म्हणतो, पुतू,
गिऱ्हाईक गवताचा फोटो काढतं,
मुळांचा नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी अनवाणी फिरतो.
माती कुठं दबली ते चपलेला कळत नाही.
टाचांची भोकं: नवरीच्या मैत्रिणी
इथं कुणाची तरी वाट बघत उभ्या होत्या.
खुर्च्यांचे चार-चार पाय.
बँडच्या पेटीखालचा चौकोन,
झोपेतून उठवल्यासारखा फिकट.
हेअरपिना, काजूचे तुकडे, सोड्याची बुचं,
एकदा कवळी.
ती न्यायला कुणी आलं नाही.

शेणखत चाळतो, तांबडी माती, थोडी रेती,
आणि भोकं भरत बसतो, एकेक.
बायको म्हणते, दातांच्या दोतोरासारखा दिसतोस.

कुंपणापलीकडे इस्मेनियाचं वायंगण.
तळ्याचं पाणी पाटानं येतं,
ती झगा खोचून बांधावर उभी असते.
तिचं हिरवं आणि माझं हिरवं
धुक्यात एकच दिसतं.
ऊन वर आलं की कळतं
कुठलं खायचं आणि कुठलं तुडवायचं.

पौषातल्या एका सोमवारी
मांडवाच्या खांबाजवळ, जिथं मशीन पोचत नाही,
एक पातं दिसलं. माझ्या गवताचं नव्हे.
कडा खरखरीत, रंग पोपटी, अंग ताठ.
चाळीस वर्षं भात लावलंय मी,
ओळखायला चष्मा लागत नाही.

अक्षता रुजत नाहीत.
कांडलेला तांदूळ, वर कुंकू;
त्यानं नुसतं पडायचं असतं.
पण कुणाच्या तरी मुठीत
एक दाणा तूस न सोडता आला असेल,
'सावधान' झालं तेव्हा नवऱ्यामुलाला चुकवून
खाली उतरला असेल,
आणि मी रोज सकाळी इमानानं
त्याला पाणी मारलं.

लॉनवाल्याच्या हिशेबात ते तण.
पात्रांव बाल्कांवात बसून बघत होता.
शनिवारी मडगावच्या कुणाचं तरी रिसेप्शन, चारशे माणसं.
मी खुरपं लावलं,
ढेकळासकट उचललं
आणि कुंपणावरून इस्मेनियाकडे दिलं.

"कितें रे हें?"
"भात," मी म्हटलं. "लग्नातलं."
ती हसली नाही.
बोटांनी मापून म्हणाली, उशीर झालाय याला.
मग बांधाजवळ, जिथं पाणी आधी पोचतं,
अंगठ्यानं चिखलात दाबलं
आणि हात झग्याला पुसले.

परत आलो. तिथं भोक राहिलं होतं,
टाचेच्या भोकाहून जरा मोठं.
"काय होतं रे?" पात्रांवानं वरून विचारलं.
तण, म्हटलं.
चाळलेली माती घेऊन बसलो,
आणि का कोण जाणे,
थोडी कमीच घातली.