मिडल वॉच

बारा वाजायला पंधरा मिनिटं असताना
शालिककाका मला हलवतो.
"पंधरा मिनिटं डोळ्याईची.
अंधार आधी डोळ्यात भरू द्यावा लागते."
टॉर्चच्या काचेवर त्यानं लाल पन्नी लावलीय,
कुठल्याशा मिठाईच्या डब्याची.

माळ्याखाली हरभरा, पलीकडे तूर,
मग धुरा, मग नाला.
समुद्र, कोणत्याही दिशेनं निघा,
एका रात्रीच्या गाडीपलीकडे.

एकवीस वर्षं जहाजावर, शेवटी मास्टर चीफ.
पेटीत एक कागद आहे, प्लास्टिकमध्ये घातलेला:
समुद्रात एकट्यानं वॉच सांभाळायला लायक.
परीक्षेत दिवे विचारले, भोंगे विचारले,
होकायंत्राची चूक, धुक्यातला वेग.
शेवटी कॅप्टननं विचारलं,
मला कधी उठवशील?
शंका आली की, साहेब.
खात्री व्हायची वाट नाही पाहणार.
सही झाली.
"सही म्हंजे काय रे बावा,
तुह्या भरोशावर एक माणूस झोपला."

मग हवाली करतो:
वारा उगवतीकून. डुकरं अकराला नाल्यापाशी,
सहा, त्यात एक लंगडं. रोही नाही.
झटका मशीनचा दिवा चालू.
मी म्हणायचं असतं: वॉच घेतली.
म्हणतो, हसू दाबून.
तो आडवा होतो बूट घालूनच, तोंड माझ्याकडे,
एक डोळा, मला वाटतं, उघडाच.
आज अकरावी रात्र.

दोन वाजून दहा.
तुरीच्या वर दिवा.
सरकता दिवा आपल्या वाटेनं जाते, त्यानं सांगितलेलं,
पण जो जागचा हलत नाही आन् मोठाच होत जाते
तो तुह्यावरच येऊन राहिला.
माळ्याच्या बल्लीशी डोळा लावून पाहिलं.
बल्लीच्या कडेलाच. मोठा.
चारदा पाहिलं. पाचव्यांदा पाहणार होतो.
"काका."

पुंडलिक आत्राम निघाला.
लाईन आली म्हणून मोटर लावायला,
डोक्याला बॅटरी, खांद्यावर घोंगडं,
लाईनवाल्याच्या नावानं शिवी.
मला वाटलं, आता मला ऐकवणार.
काकानं वही मागितली. लाल उजेडात लिहिलं:
०२१०. दिवा. उठवलं. बरोबर.
खाली माझं नाव, बापाच्या नावासकट.

बूट काढले. जोडीनं लावून ठेवले.
माझ्याकडे पाठ केली
आणि असा घोरायला लागला
की नाल्यातलं लंगडं डुक्कर
हललं तरी ऐकू येईना.