येतो

राजाच्या घोड्याची चंदी भिजवायची पाळी
ह्या अमावास्येला आमच्या घरावर आली.
सव्वा शेर हरभरे, पितळी घमेलं,
वर चिमूटभर मीठ. घोडा आळणी खात नाही,
काकू सांगते असं, जणू कालच
तिच्या हातचं हुंगून त्यानं मान फिरवली.

चोर्ल्याच्या घाटाकडं तोंड करून
चार खांब उभे, वर खानापुरी कौलं.
त्याला आम्ही पागा म्हणतो.
नाल नाही, लगाम नाही, लीद तर नाहीच,
तरी दरसाल कौलं चाळायची, भुई सारवायची,
आणि कुणी चपला घालून आत गेलं
की वरच्या आळीतून फकिराप्पा ओरडणार.

आमच्याकडं तो भरमोजी राजा.
फकिराप्पाकडं भरमप्पा दोरे.
घोडा दोघांचा एकच, पांढरा, डावा कान चिरलेला.
राजा कुणाचा, ह्यावरनं एका जत्रेत डोकी फुटली,
पाटीला डांबर फासलं, पोलीस आले, पंचनामा झाला.
कानावरनं मात्र कुणी भांडलं नाही.

काय केलं त्यानं आमच्यासाठी?
एक तळं खोदलं, ते गळकं.
एका साली सारा माफ,
पुढल्या साली दुप्पट वसूल.
मग घाट उतरून फिरंग्यांवर गेला,
त्याला किती वर्षं झाली, फणसाला विचारा.
असला राजा परत कशाला हवाय,
मी विचारलं, हात हरभऱ्यात.

काकू म्हणाली,
जाताना ‘येतो’ म्हणालाय की.

आता निघताना ‘जातो’ कोण म्हणतं?
उसनं विरजण न्यायला आलेली बाईसुद्धा
उंबऱ्यावरनं ‘येते हं’ म्हणते
आणि आठ दिवस फिरकत नाही.
फकिराप्पाच्या भाषेतही तेच,
होगि बर्तीनि, जाऊन येतो.
राजा बिचारा रीतीप्रमाणं बोलला असेल,
एक पाय रिकिबीत,
डोक्यात पुढल्या मुक्कामाची वैरण.
आणि आम्ही ते
सातबाऱ्यासारखं जपून ठेवलंय,
दोन्ही भाषांत.

भरमूदादा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची.
सकाळची पणजी गाडी, म्हापशाला बेकरीत काम.
‘येतो गे’ म्हणाला,
माझ्याकडं बघून नव्हे, पिशवी फळीवर कोंबत.
मनिऑर्डरी सात आल्या.
रेशनकार्डावरचं त्याचं नाव आई काढू देत नाही.
दुकानदार दर खेपेला त्या ओळीवर बोट ठेवतो,
आईकडं बघतो,
आणि हळूच म्हणतो, इरली बिडव्वा.
असू दे.

अमावास्येला मी झोपले नाही.
पागेच्या मागं, करवंदीच्या जाळीत बसले.
घोडा येणार नाही हे मला ठाऊक होतं,
तरी पाय सारखे गार पडत होते.

दोनच्या सुमाराला फकिराप्पा आला.
बॅटरी नाही, वहाणा हातात.
घमेलं उचललं, हरभरे धोतराच्या सोग्यात ओतले,
घमेलं आतनं चाटल्यासारखं बोटांनी पुसलं.
मग दाणे सांडले, मोजून,
जसे जनावराच्या ओठांतून निसटतात,
थोडे घमेल्याजवळ, दोन जरा लांब.
निघताना अंधाराला काहीतरी म्हणाला.
मी खोकले नाही.

सकाळी अख्खा गाव जमला.
‘खाल्लं बघा!’ सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला.
आई पुढं झाली, वाकली,
एक सांडलेला दाणा उचलून पदरात बांधला.

पुढल्या अमावास्येची पाळी फकिराप्पाच्या घरची.
म्हणजे त्या रात्री कुणी उठायचं,
हे मला कुणी सांगायला नको.
दाणे कुठं किती सांडायचे
तेवढं मी नीट बघून ठेवलंय.