संभाव्य कारण

कोपनहेगनहून आलेल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला,
एका रकान्यावर बोट ठेवलं: संभाव्य कारण.
रेघ एकच. पेनातली शाई गोठलेली,
मी ते काखेत धरून बसलो.

मी गेदियोन. हेलिपॅडवरचा बर्फ ओढतो,
डाकेच्या पिशव्या उतरवतो,
खांबावरची नारिंगी बाही बघून वारा सांगतो.
त्या सकाळी बाही लोंबत होती
खुंटीवरच्या सदऱ्यासारखी.
मी रेडिओवर म्हणालो, वारा नाही.
टॉर्बेन म्हणाला, कॉफी टाक, आलोच.

मग डोंगराआडून आला थोडासा.
छपरं उचलून नेतो, ज्याला आम्ही नावानं ओळखतो, तो नव्हे;
त्याचा कुणी धाकटा, बिननावाचा,
शेपटीकडून शिरला.

पात्यांखाली माझा बर्फ उठला.
माझाच. कडेचा ढीग मी रचला होता सोमवारी,
कंबर धरली होती म्हणून
चार पावलं अलीकडेच.
वर पांढरं, खाली पांढरं,
मधे ते लाल यंत्र, जमीन विसरलेलं.
नाक उजवीकडे वळलं.
टॉर्बेननं डावं पेडल तळापर्यंत दाबलं असणार.
तरी वळलं. दुसऱ्या फेरीत
काचेमागे ओटिलिया आजी दिसली, दोन्ही हात टोपीवर.
तिसरी फेरी पुरी झालीच नाही.
कलंडल्यावरही पाती आपटत राहिली,
मोडेपर्यंत.

मेलं कुणी नाही.
टॉर्बेनचं खांद्याचं हाड गेलं. ओटिलिया
शहरातून नवी कवळी बसवून येत होती;
ती पोरांना तिसऱ्या दिवशी सापडली,
बर्फात एकटीच हसत.

बाई म्हणाल्या, शेपटीचा पंखा कधी कधी
नुसती हवा चघळतो, त्याच्या हाती काही लागत नाही.
म्हणाल्या, फार हळू, फार उभं उतरलं
तर यंत्र आपणच ढवळलेल्या हवेत बुडतं.
तार तपासू, वंगण तपासू.
मग विचारलं: वजन?

वजन तिकडे होतं. शहरात तराजूपाशी माझी बहीण बसते.
आदल्या रात्री तिचा फोन होता:
एक पेटी तशीच चढवतेय, पोरांना दे.
सफरचंदं मी बर्फातून वेचली, काळी पडलेली.
अकरा किलो भरली.
बाईंना म्हणालो, ठाऊक नाही.

पेन आता ऊब धरून होतं.
विचारलं, आणखी एक रेघ मिळेल?
त्यांनी फॉर्म उलटा केला.
बाहेर बाही जराशी हलली,
मी आधी तिकडे बघितलं.