उणे सात

मत्राच्या बाजारात, लोबान विकणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान एवढंच : एक स्टूल, एक दिवा
आणि उजव्या डोळ्यात अडकवलेलं भिंग.
वीतभर अंतरावर माझं राज्य चालतं.
त्यापुढचं जग पिंजलेला कापूस.

रुवीच्या दवाखान्यात वारियर बाईंनी
डोळ्यांभोवती उडदाच्या पिठाची पाळ बांधली,
रोपाला आळं करावं तशी,
आणि कोमट त्रिफळाघृत ओतलं.
"उघडा. घाबरू नका."
उघडले.
तुपाच्या तळाशी पडलेलं मी एक नाणं.
पंखा पिवळा, बाईंचं मनगट पिवळं,
कडा कशालाच नाहीत
आणि पहिल्यांदाच त्याची लाज नाही.

"किती वेळ?"
"मात्रा मोजा."
मी भिंतीवरचं घड्याळ ऐकत राहिलो.
सेकंदकाटा नऊच्या चढावर अडखळत होता.
सेल संपत आलाय, मी म्हणालो,
तूप न सांडता.

सातव्या दिवशी विचारलं, नंबर उतरेल?
बाईंनी पाळ सोडवून बशीत ठेवली.
"बुबुळामागे डोळा लांबलाय.
तो तुपानं आखूड होत नाही.
आग थांबेल. झोप लागेल. चष्मा असू द्या."
मग मल्याळी वळणाच्या देवनागरीत लिहून दिलं :
निजताना तळपायांस तीळतेल.
संध्याकाळी लांबचे पाहणे.

लांबचं काय, ते लिहिलं नव्हतं.
कॉर्निशवर चष्मा काढून उभा राहिलो.
एकेक दिवा झेंडूएवढा.
जहाज कुठलं, डोंगर कुठला,
कठड्याला विचारून परत आलो.

खोलीवर इस्माईल परकार, खेडचा,
दिवसभर क्रेनच्या पिंजऱ्यात बसून आलेला.
कागद वाचून हसला :
"डोळे वर, नि तेल खाली?"
तरी वाटी गरम करून आणली.
"दे पाय."
मी पाय पोटाशी घेतले.
पंधरा वर्षांत इथं कुणी
माझ्या पायांना हात लावला नव्हता.
"दे म्हणतो ना."

अंगठा टाचेवरून बोटांकडे नेत तो सांगत होता
वरून काय काय दिसलं ते :
बोटी अकरा. एक बकऱ्यांची.
पार पलीकडे, पाण्यावर पांढरं काहीतरी.
"जाळं की पाखरं?"
"तेवढं मलाही दिसलं नाही."
"पाखरं असतील," मी म्हणालो.
"उद्या बघून सांगतो," म्हणाला,
आणि दुसरा पाय ओढून घेतला.