उलट्या हातानं

मिरची दिवसा नाकात असते,
संध्याकाळी डोळ्यांत,
रात्री आठनंतर बोटांत.
दिवसभर आम्ही तिचे देठ खुडतो,
रात्री ती आमची पेरं खुडते.

भिवापुरात सातऱ्यावर बसणारी कुणीही सांगेल हे.
कौतिका सांगेल, ताकात हात बुडव.
सत्यफुला सांगेल, तांदळाचं धुवण.
ठेकेदाराचा मुनीम सांगेल, हातमोजे घाला ना बाई,
आणि हातमोज्यांनी किलो कमी भरतात
हे तो सांगणार नाही.

निकेश, माझ्या नणंदेचा, उमरेडला मेडिकलवर असतो.
त्यानं पाकीट आणलं. वर एक गोरंपान लेकरू,
कपाळावर निळी पट्टी, तापातही हसणारं.
"मामी, तारीख जवळ आली म्हणून शेठनं देल्लं.
तापाचं हाये. पण आग-बिग, पुरळ-बिरळ, चालते म्हणे."
कोण म्हणे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

चार पट्ट्या. आम्ही सात जणी.
सत्यफुलानं कातर आणली,
पोलक्याच्या कापडासारखी मोजून कापली.
आतून बेडकाच्या पोटासारखी लिबलिबीत,
वास कापराचा, किंवा कापराच्या धाकट्या भावाचा.
"माय वं," कौतिका म्हणाली, "हे तं थंड्या जिभेवानी लागते."
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
सातऱ्यावर असं होत नाही.

खरं सांगायचं तर बोटांना ती चिकटेना.
आग असते नखाच्या कडेला, पेराच्या घडीत,
आणि पट्टीला हवी सपाट जागा, कपाळासारखी.
घामानं कड उचकटायची.
शेवटी जिला जिथे बसली तिथे बसवली:
कुणी मनगटावर, कुणी मानेमागे,
सत्यफुलानं दंडावर, बाहीच्या काचानं उठलेल्या वळावर.
मी तळहाताच्या पाठीवर.

रात्री बोटं पेटलेली होती तशीच.
फक्त मागे एक गार चौकोन,
काडेपेटीएवढा,
दुसऱ्याच कुण्या बाईचा.

श्रावस्ती चार वर्षांची. हंगाम लागला की
माझ्यापासून हातभर लांब झोपते.
मागच्या साली तिचा डोळा पुसला होता मी,
काजळ पसरलं होतं, इतकंच.
तेव्हापासून तिची वेणी तिचा बाप घालतो, वाकडी.
घास तो भरवतो.
मी लांबून गोष्टी सांगते.

उलटा हात आमच्यात मारायलाच उचलतात.
मी तो उलटाच नेला तिच्या गालाशी,
बोटं मुठीत कोंडून, अंगठा वर दाबून,
एकही निसटू नये म्हणून.
ती दचकली. मग गाल तिथेच ठेवला.
"कोण?"
"मीच वं."
"हा तुहा हात नाई,"
म्हणाली झोपेतच,
आणि सरकली जवळ,
त्या माझ्या नसलेल्या हाताकडे.

पाकिटावर आठ तास लिहिलंय. एक राहते थंडी,
फार तर दीड.

सकाळी पट्टी गोधडीत सापडली, आकसलेली.
एका कडेला तिचा केस,
दुसरीला मिरचीचं बी.

निकेशला विचारलं, आणखी आहेत का.
"हायेत मामी. पण नव्या तारखेच्या. इकत."
एका पट्टीचे किती किलो देठ होतात
ते मोजणार नव्हते मी.
मोजले.